पिवळा दिवा

परवा पुतण्याशी चांगलीच जुंपली. निमित्त काय, तर त्याच्या गाडीतलं एक बटण. घसरणाऱ्या गाडीचं चित्र आणि खाली 'ऑफ'. त्याचं म्हणणं, "काका, हे दाबूनही यंत्रणा पूर्ण बंद होत नाही. गाडी माझी, पैसे माझे. ज्याला गाडी येते त्याला या कुबड्या कशाला?"

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्रातलं मास्तरला काय कळतंय, असं तुम्हीही म्हणाल. पण रिकामा वेळ भरपूर, म्हणून वाचून काढलं. स्टिअरिंग किती वळलंय यावरून यंत्राला कळतं की तुम्हाला कुठे जायचंय. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते दुसरा सेन्सर सांगतो. दोघांचा मेळ बसेना की यंत्र एखाद्याच चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनाचा जोर कमी करतं. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक धरतं.

आता मला सांगा, कितीही कसलेला ड्रायव्हर असो, त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल किती? एक! त्या एका पेडलने तो चारांतलं नेमकं एक चाक कसं धरणार? म्हणजे ही कुबडी नव्हेच. माणसाला जो अवयव नाही, तो आहे हा.

१९९७ साली स्वीडनमध्ये एका मासिकाने मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी अचानक वळवून पाहिली आणि ती उलटली. तेव्हा कंपनीला ही यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट द्यावी लागली. पुढे अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपने २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची केली. अमेरिकेने बटणाला परवानगी दिली, पण गाडी पुन्हा सुरू केली की यंत्रणा आपोआप परत आली पाहिजे, असं बजावून.

पुतण्याचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. गेल्या वर्षी गणपतीला साखरप्याजवळ आमची गाडी लाल चिखलात रुतली. चाक जरा फिरलं की यंत्र इंजिनाचा जोर काढून घेई, गाडी जागची हलेना. बटण दाबलं, चाकं गरगरली, अंगभर चिखल उडाला, पण निघालो. तिथे बटण हवंच.

पुढचं ऐका. नंतर आम्ही भर पावसात आंबा घाट चढलो. समोर एक पिवळा दिवा पेटलेला मी पाहत होतो, वाटलं असेल काहीतरी. मलकापूरला चहा पिऊन गाडी पुन्हा चालू केली, तेव्हा तो विझला. अख्खा घाट आम्ही यंत्रणा ढिली सोडून चढलो होतो! मागे सूनबाई आणि दोन पोरं झोपलेली. पुतण्या काही बोलला नाही, मीही नाही.

म्हणून माझं म्हणणं, बटण ठेवा, पण ते चिखलापुरतं. वेग तीस-चाळीसच्या वर गेला की यंत्रणेने न विचारता परत यावं. काही कंपन्या असं करतातच. सगळ्यांना तसं करायला लावा.

"आणि रेस ट्रॅकवर?" पुतण्याने विचारलं. म्हटलं, तिथे खुशाल पूर्ण बंद कर, तिथे वळणावर समोरून एस.टी. येत नाही.

फोन ठेवून दिलान त्याने. असो. गणपतीला येईलच.