पिंगळीचा भराव, डॉलरचे माप

परभणीहून पूर्णेकडे निघालेली गाडी पिंगळी स्टेशनावरून जाते. निजामाच्या राजवटीत, 1900 च्या सुमारास, हा मार्ग मीटरगेज म्हणून टाकला गेला आणि 1990 च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. हा भराव, रूळ, पूल, सिग्नल हे सारे देशाचे भांडवल आहे. मग त्याची किंमत किती? हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांचा आहे, असे आपल्या समाजाने मानू नये.

देशाचा भांडवलसाठा मोजण्याची रीत सरळ आहे. वर्षानुवर्षांची गुंतवणूक जमेस धरायची, घसारा वजा करायचा. उरेल तो साठा. अडचण येते ती इतर देशांशी तुलना करताना. 2017 साली बाजारात एका डॉलरला सरासरी 65.12 रुपये पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढे मिळते, तेवढे भारतात 20.65 रुपयांत मिळते, असे जागतिक बँकेच्या किंमत-तुलना कार्यक्रमात आढळले. या क्रयशक्तीच्या मापाने त्या वर्षी भारत चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल तिसरी अर्थव्यवस्था ठरला. सभा-संमेलनांतून याचे ढोल अजून वाजत आहेत.

परंतु 20.65 हा आकडा धान्य, कपडे, घरभाडे, दवाखाना अशा सगळ्यांची मिळून सरासरी आहे. भांडवलाला तो जसाच्या तसा लावला तर घोटाळा होतो. पिंगळीच्या मार्गावरचे इंजिन किंवा सिग्नलची यंत्रणा घ्या. यंत्रांच्या किमती जगभर फारशा वेगळ्या नसतात. 65 लाखांचे यंत्र म्हणजे बाजारदराने एक लाख डॉलर; सरासरी क्रयशक्तीने तेच तीन लाखांवर जाते. कागदावर एका यंत्राची तीन झाली, रुळावर मात्र एकच! म्हणून यंत्रांना यंत्रांचे आणि बांधकामाला बांधकामाचे माप लावावे लागते.

भरावाचे गणित वेगळे आहे. तेवढीच माती अमेरिकेत टाकायला कितीतरी जास्त खर्च येतो. तेव्हा आपला भराव मोठा मोजणे चूक नाही. माती तेवढी खरोखरच पडली आहे. पण ती इतक्या स्वस्तात पडली कशी? घमेले उचलणाऱ्या हाताला मजुरी कमी मिळाली, हे त्याचे मोठे कारण आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून निघतात, हे वाचकांना सांगायला नको. ज्यांच्या स्वस्त घामाने देशाचा आकडा फुगतो, त्यांच्या हाती त्यातले काय आहे?

बाबासाहेबांनी 1918 च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले, की शेत परवडणारे आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावरचे श्रम, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते. 1923 च्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी रुपयाचे मूल्य क्रयशक्तीत पाहिले. रुपया घसरला की भाव आधी चढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या पोटातून निघतो, हे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेबांचे लक्ष केवळ आकड्यावर नव्हते. आकड्यामागच्या माणसावर होते.

आणखी एक गोष्ट. या भांडवलसाठ्यात जमीन सहसा धरलीच जात नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती 16.6 टक्के आहेत; 2015-16 च्या कृषी गणनेत त्यांच्या वहिवाटीची जमीन नऊ टक्क्यांहून कमी आहे. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीन सत्याग्रह झाले, गायरानाचे लढे झाले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरीही ज्याचे नाव सातबारावर चढले नाही, त्याला बँक पीककर्जासाठी उभे करीत नाही. जमीन नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून अवजार नाही, अवजार नाही म्हणून पुन्हा घमेले!

जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी घेतला. डोकी मोजली जातील, हे चांगलेच. पण प्रत्येक डोक्यामागे जमीन किती, अवजार किती, भांडवल किती, हेही जिल्हावार आणि जातवार मोजून जाहीर झाले पाहिजे. देश तिसरा असेल. पिंगळीच्या भरावावर माती टाकणारा कितवा आहे, याचे उत्तर मागणे हा आपला हक्क आहे.