घरचा पडदा : पहिले भाग पाहून



मागे एकदा तळ्याकाठी फेरी मारताना ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला थांबवले. "तुमची मुलंही ती जपानी कार्टून्स बघतात ना? असतं काय हो त्यात? आमच्याकडे दार लावून बघतात." आम्ही जाणकारासारखी मान हलवली, पण खरे सांगायचे तर आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून ठरवले, आपणही मुलांशेजारी सोफ्यावर बसायचे आणि निदान पहिले भाग तरी पाहायचे. त्याचा हा वृत्तांत.

आधी एक गंमत. ॲनिमे हा शब्द आपल्या पिढीला नवा, वस्तू मात्र जुनीच. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर गुलजारांच्या शीर्षकगीतासह येणारा मोगली निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये काढलेला होता. म्हणजे चहात पाव बुडवत आपणही हेच पाहत होतो!

आता मुलांचे वेळापत्रक. जपानात नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात सुरू होतात. बहुधा बारा-तेरा भागांचा एक हप्ता. एप्रिलचा हप्ता 'वसंताचा', तेव्हा आपल्याकडे शरद लागलेला असतो. आपले घड्याळ जपानच्या एक तास पुढे, त्यामुळे तिथे शुक्रवारी रात्री अकराला लागणारी मालिका म्हणजे इथली मध्यरात्र. शनिवारी पोर हाक न मारता उठले, तर कौतुक करण्यापूर्वी कारण तपासावे.

आम्ही तीन मालिका पाहिल्या. 'दानदादान' (२०२४) पाहताना पहिल्याच भागात आम्ही रिमोट शोधू लागलो. चित्रे झकास, वेग भन्नाट. पण परग्रहवासी नायिकेला पळवून नेऊन जे करू पाहतात, ते लहानांनी पाहण्यासारखे नाही. मोठ्या मुलांच्या पालकांनी आधी स्वतः पाहावे.

'द अपोथेकरी डायरीज' (२०२३) मात्र सौ.ना फार आवडली. औषधे जाणणारी माओमाओ ही मुलगी राजवाड्यात दासी म्हणून विकली जाते. राण्यांची तान्ही मुले आजारी पडतात, सगळे शापाबद्दल कुजबुजतात, आणि हिला कळते की विष चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीत आहे. आजीच्या बटव्यावर वाढलेल्यांना ही पोरगी आपल्यातली वाटेल.

तिसरी 'फ्रीरेन'. ही सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, दुसरे पर्व जानेवारी २०२६ मध्ये आले. आम्ही मुलीच्या आग्रहाने पहिल्यापासून बसलो. राक्षसराजाला मारून चौघे परत येतात, म्हणजे इतर गोष्टी जिथे संपतात तिथे ही सुरू होते. फ्रीरेन हजार वर्षांहून जास्त जगलेली, तिला दहा वर्षांचा तो प्रवास किरकोळ वाटतो. पन्नास वर्षांतून एकदा येणारा उल्कावर्षाव चौघे पाहतात. पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवीन, असे ती सहज सांगते आणि निघून जाते. परत येते तेव्हा तिचा सोबती हिमेल टक्कल पडलेला, वाकलेला म्हातारा झालेला असतो. उल्का सगळे मिळून पाहतात. मग तो जातो. त्याच्या अंत्यविधीत तिला रडू कोसळते, कारण दहा वर्षे बरोबर राहूनही त्याला जाणून घ्यायचे राहून गेलेले असते.

भाग संपला. मुलीने विचारले, "आजी किती वर्षांची आहे?" आम्ही उभयता बोटे मोजू लागलो आणि आमची उत्तरे जुळेनात. अठ्ठ्याहत्तर की एक्याऐंशी? इथे आलो तेव्हा ती साताऱ्याच्या बाजारातून दोन पिशव्या उचलून चालत घरी येत असे. आमच्या मनातली आई अजून तीच आहे. 'पुढच्या वर्षी नक्की' असे आम्ही तिला किती दिवाळ्या सांगतो आहोत, तेही मोजले. तो आकडा इथे छापत नाही.

रात्रीचे साडेआठ, म्हणजे तिकडे दुपारचे चार. फोन लावला. आईने आधी विचारले, "काय झालं? आज रविवार नाही!" काही झाले नव्हते. मुलीने आजीला तिचे लहानपण विचारले, तुटक मराठीत, आणि आजी पाऊण तास बोलली. त्यातले निम्मे आम्हालाही नवे होते. या डिसेंबरची तिकिटे काढली आहेत. महाग आहेत, पण काढली.

तळ्याकाठच्या त्या गृहस्थांना आमचे उत्तर एवढेच: दार उघडून आत बसा. मुलांमध्ये नियम आहे, आवडो न आवडो, मालिकेला तीन भागांची संधी द्यायची. आपणही द्यावी. पुढच्या अंकासाठी मुलांनी आपल्या आवडीच्या मालिकेबद्दल चार ओळी मराठीत लिहून द्याव्यात. शुद्धलेखन आम्ही सांभाळू.