आधी पाण्याची रेघ, मग प्लॉटची

गेले काही महिने आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी क्रिकेट आणि अप्रेझल यांच्या जोडीला तिसरा विषय आलाय: करमाडला प्लॉट! कारण उघड आहे. जालना रोडवरचं गाव, स्वतःचं रेल्वे स्टेशन, शेजारी शेंद्रा एमआयडीसी, तिला लागून ऑरिक, आणि याच पट्ट्यातून गेलेला समृद्धी महामार्ग. व्हॉट्सअॅपवर रोज एक तरी ब्रोशर येऊन पडतं. हिरवंगार लॉन, कारंजं, आणि कोपऱ्यात 'निसर्गरम्य ओढ्यालगत' असं गोंडस वाक्य.

मंडळी, या शेवटच्या वाक्यासाठीच आजचा लेख आहे.

आधीच सांगतो, माझा आक्षेप घरांना नाही. कारखाने आले की माणसं येणार, माणसं आली की घरं लागणार. आक्षेप आहे तो आपल्या क्रमाला. आपल्याकडे आधी प्लॉट पडतात, मग रस्ता होतो, मग ड्रेनेजची बोंब होते आणि सगळ्यात शेवटी एखाद्या सप्टेंबरात कळतं की अरेच्चा, इथे ओढा होता! हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी पाण्याची रेघ नकाशावर यावी, मग प्लॉटची.

आता कुणी म्हणेल, मराठवाड्यात पाण्याची कसली भीती? इथे टँकर येतात! पण गडबड नेमकी इथेच होते. आपल्या भागात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत येतो. त्यामुळे ओढा वर्षातले आठ-नऊ महिने कोरडाठाक असतो. साईट व्हिजिट ठेवतात ती एप्रिलातल्या रविवारी. तेव्हा तो ओढा म्हणजे चार बाभळी, थोडी वाळू आणि शेळ्या. त्याला नदीचा नातेवाईक मानायला मन तयारच होत नाही. पण हेच ओढे पुढे सुखना, दुधना अशा नद्यांना मिळतात आणि सगळं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जातं. शिवाय खाली काळा बेसॉल्ट. त्यात पाणी सहजासहजी मुरत नाही, मुरतं ते बऱ्याचदा ओढ्याकाठच्या गाळात आणि मुरमात. म्हणजे ओढा बुजवला की पावसाळ्यात घरात पाणी आणि उन्हाळ्यात विहिरीत खडखडाट, असा दुहेरी कार्यक्रम!

बरं, कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात पूररेषा दोन. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल हा नियंत्रित. २०२० च्या डिसेंबरात राज्यभर लागू झालेल्या यूडीसीपीआर नियमावलीतही हेच सूत्र आहे. निळ्या रेषेच्या आत बाग, मोकळी जागा वगैरे चालेल, घर नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं.

'२५ वर्षांतून एकदा' ऐकलं की आपल्याला वाटतं, चला, अजून वेळ आहे. इथे जरा आपलं आकडेमोडीचं डोकं वापरू. २५ वर्षांतून एकदा म्हणजे कोणत्याही वर्षी ४ टक्के शक्यता. आपलं होम लोन २० वर्षांचं. २० वर्षांत हा पूर एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ०.९६ चा विसावा घात, साधारण ४४ टक्के. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घरात शेवटचा हप्ता फेडेपर्यंत किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता ५६ टक्के! नाणं उडवून घर घेतल्यासारखंच झालं की. लाल रेषेसाठी हेच गणित १८ टक्क्यांवर येतं, आणि तेही काही दुर्लक्ष करावं इतकं कमी नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. हे सगळं गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर आणि जुन्या जमिनीवर केलेलं असतं. वरच्या अंगाला शेत होतं तेव्हा पाणी हळूहळू यायचं. तिथे शेड, काँक्रीटचे यार्ड आणि सहा पदरी रस्ते झाले की तोच पाऊस लवकर आणि जास्त पाणी घेऊन खाली येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट बदललंय आणि प्रोग्रॅम मात्र जुनाच चालतोय.

आता मूळ अडचण. पूररेषा आखायचं काम मुख्यतः मोठ्या नद्या, धरणांच्या खालचा भाग आणि शहरं यांच्यासाठी होतं. गावाजवळच्या ओढ्याला निळी रेषा बहुधा नसतेच. आणि रेषाच नसेल तर नियम लागू करायचा कशावर? त्याच वेळी दुसरीकडे जमीन बिगरशेती करणं सोपं झालंय. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती मानली जाऊ शकते. हेतू चांगला आहे, लोकांचे तहसीलचे हेलपाटे वाचतात. पण आपली जुनी गावं वसली कुठे? पाण्याच्या कडेला! मग गावठाणाभोवती २०० मीटरचं वर्तुळ काढलं की बऱ्याच ठिकाणी ओढाही त्या वर्तुळात येणार. वर्तुळाला काय कळणार कुठे जमीन आहे आणि कुठे पाण्याची वाट!

कारखान्यांसाठी पूर्वी एक वेगळी रेघ होती, हे तर आता विस्मरणातच गेलंय. जुलै २००० मध्ये राज्याने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं. नदीचा वर्ग आणि उद्योगाचा प्रकार बघून नदीपासूनचं अंतर ठरायचं. २००९ मध्ये ते सुधारलं आणि ३ फेब्रुवारी २०१५ ला रद्दच केलं. धोरण अगदी निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही, पण ते गेल्यावर नदीकाठच्या जागेसाठी मोठा आधार उरला तो पूररेषेचा. आणि ओढ्यांना तीच नाही.

छोट्या ओढ्याने काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्याचा आंबिल ओढा आठवावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या या ओढ्याने सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या. त्या रात्रीच्या पावसाने शहर आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी लोकांना मिठी ही नदी आहे हे पहिल्यांदा कळलं. त्या पुराच्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते डॉ. माधवराव चितळे, म्हणजे निवृत्तीनंतर औरंगाबादला स्थायिक झालेले जलतज्ज्ञ. आपल्याच शहरात १९८० पासून वाल्मीसारखी पाण्याची संस्था आहे. इतकी विद्या गावात असताना ओढ्याला रेषा नाही, याला काय म्हणावं?

आणि नंतर दुरुस्त करू म्हणाल, तर खाम नदीकडे बघा. शहराने कित्येक वर्षं तिचा नाला केला. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, एक कंपनी आणि पर्यावरणात काम करणारे लोक मिळून ती सावरायला लागले. काम उत्तम आहे, २०२३-२४ मध्ये डब्ल्यूआरआयच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीत ते पोचलं. मला त्याचा अभिमान आहे. पण किती वर्षं, किती हात, किती पैसा! करमाडला आज ते काम एका रेघेत होण्यासारखं आहे. कारण तिथे अजून पाडायला काही नाही, नुसतं आखायचंय.

आता दुसरी बाजू, आणि ती खरोखर महत्त्वाची आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन ओढ्याकाठी आहे त्याने काय पाप केलं? शेजाऱ्याची एकरी किंमत आकाशाला भिडणार आणि याच्या वाट्याला निळी रेषा! हा राग मला पटतो. नुसतं 'पर्यावरण वाचवा' म्हणून त्याला गप्प करणं हा शहरी शहाणपणा झाला. पण मार्ग निघू शकतो. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यात तुकडे करून न टाकता ओढ्याकाठी सलग सोडायला लावावी, म्हणजे तेच लॉन, तेच कारंजं, फक्त योग्य ठिकाणी. काठावरच्या जमिनीचं बांधकाम-क्षेत्र मालकाला त्याच्याच वरच्या जमिनीवर वापरू द्यावं, नाहीतर दुसऱ्याला विकू द्यावं. रेषेचा भार एकट्या शेतकऱ्यावर न पडता ती आखल्याने ज्यांचा फायदा होतो त्या सगळ्यांवर वाटला गेला पाहिजे.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी, त्याही वीकएंडला होण्यासारख्या.

पहिली, प्लॉट बघायला पावसाळ्यात जा. सातबारावर पोटखराबा किती आणि कोणता हे बघा. वर्ग 'ब' मध्ये रस्ते, पाण्याच्या वाटा येतात. गाव नकाशा ऑनलाईन मिळतो, त्यावर ओढा शोधा आणि मग ब्रोशरमध्ये शोधा. ब्रोशरमध्ये सापडला नाही तर समजून घ्या.

दुसरी, विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: या ओढ्याची पूररेषा कोणी आणि कधी आखली? उत्तरात 'काही होत नाही साहेब, भराव टाकून देतो' असं आलं तर नमस्कार करून परत या. भरावाने पाणी नाहीसं होत नाही, शेजाऱ्याकडे जातं.

तिसरी, आराखडा कागदावर आहे तोवर बोला. नगररचना कायद्याच्या कलम २६ नुसार विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, आणि तो आराखडा साधारण २० वर्षांसाठी असतो. म्हणजे पुन्हा आपल्या होम लोनएवढाच! एका हरकतीला एक पान पुरतं. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडला तर वजन आणखी वाढतं. कोणत्या गावात पाणी कुठवर येतं हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना नकाशाशिवाय पाठ असतं. त्यांना विचारून ते नकाशावर आणून देणं, हे आपल्यासारख्या लॅपटॉपवाल्यांचं काम.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या नद्यांनी काय केलं हे आपण टीव्हीवर बघितलं. पाण्याला आपली जुनी वाट विसरता येत नाही. आपण मात्र ती विसरून तिथे ड्रॉइंग-रूम काढतो. करमाडला घर जरूर घ्या, पण त्या घराच्या आधी ओढ्याची जागा नकाशावर लिहून घ्या. सातबारावर तुमचं नाव आज लागेल, ओढ्याची वाट मात्र तिथे फार आधीपासून आहे.