‘एखादी पोर मला द्या’ म्हणण्याआधी

2023 चा जुलै. वर्षावास नुकताच सुरू झाला होता आणि आमच्या तळोज्याच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालू होते. 19 जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. चौक गाव पनवेलपासून तसे जवळच. दुसऱ्या दिवशीपासून विहारात चादरी, कपडे, बिस्किटांचे पुडे, भांडी जमू लागली. आपली माणसे स्वतः पत्र्याखाली राहतात, पण अशा वेळी हात आखडत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

सामान बांधता बांधता एक ताई म्हणाल्या, “आईबाप गेलेली एखादी पोर असेल तर मला द्या म्हणावं. चार घास जास्त शिजवीन.” लगेच आणखी दोघी-तिघी तसेच म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मी आरोग्यसेविका म्हणून इतकी वर्षे काम केले, मला बोलायला हवे होते. त्या दिवशी बोलले नाही, म्हणून आज लिहिते.

त्या वाडीत 27 मृतदेह हाती लागले. 57 जण सापडलेच नाहीत, चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदत करणारेही डोंगर चढून गेले. वाडीतली काही मुले शिकायला आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्या मुलांचा विचार करा. शाळेत गेली तेव्हा घर होते, आई होती, शेळ्या होत्या. परत आली तेव्हा सगळ्यावर चिखल. वाचलेल्या कुटुंबांना आधी चौकला कंटेनरच्या घरांत ठेवले, पुढे सिडकोने त्यांच्यासाठी नवी वसाहत बांधली. 2014 साली माळीण, 2021 साली महाडजवळचे तळीये, आणि मग ही वाडी. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळा आला की कुठल्या तरी मुलांवर ही वेळ येते, हे आता धरूनच चालावे लागेल.

तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या अनाथ मुलांचे पालकत्व घेण्याची घोषणा केली. बातम्यांत शब्द आला ‘दत्तक’. खर्च उचलणे चांगलेच, पण त्या शब्दाने आपल्याकडे घोटाळा होतो. दत्तक म्हणजे कायद्याने मूल कायमचे आपले होणे. त्याला आधी बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करावे लागते, आणि घेणाऱ्याला ‘कारा’कडे नोंदणी करावी लागते. हातोहात मूल दिले-घेतले तर तो गुन्हा आहे. पैसे घेऊन दिले तर तुरुंग ठरलेला. पुष्कळांना वाटते, सरकारने उगाच कागद वाढवून ठेवले आहेत. मला तसे वाटत नाही. आपत्तीच्या गोंधळात दयाळू माणूस आणि दलाल एकाच रांगेत उभे असतात, आणि दोघेही एकच वाक्य बोलतात: “पोर मला द्या, मी सांभाळतो.” कागद नसेल तर दोघांतला फरक कळणार कसा?

आणि घाईत अनाथ ठरवलेले मूल पुष्कळदा अनाथ नसतेच. बाप कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात असतो. आई बेशुद्ध होऊन दुसऱ्याच दवाखान्यात असते. आजी चार दिवसांनी शोधत येते. तोवर मूल कुणाच्या तरी गाडीतून निघून गेलेले असेल तर ती आजी कुठल्या दारात जाणार? एकटे मूल आढळले तर 24 तासांच्या आत पोलिसांना, 1098 ला किंवा बाल कल्याण समितीला कळवणे कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. 1098 ही चाइल्डलाइन 1996 साली मुंबईतच सुरू झाली. आता ती सरकार चालवते. फोन फुकट लागतो.

हे सगळे मला पुस्तकातून कळले नाही. माझी आई परभणी जिल्ह्यातली. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर गावोगाव आपल्या वस्त्या पेटवल्या. आई तेव्हा आठ वर्षांची होती. रात्री शेतातून पळाले, तीन दिवस एका ओढ्याच्या काठी काढले. मग थोरल्या मामाला एका वसतिगृहात टाकले आणि आईला मुंबईत तिच्या मावशीकडे पाठवले. दोघांची भेट वर्षातून एकदा, तीही झाली तर. मावशी वाईट नव्हती. तिच्या घरात आधीच सहा माणसे होती. आई पाणी भरायची, धाकट्यांना सांभाळायची. शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. बारा वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओले व्हायचे आणि रोज सकाळी मार बसायचा. घाबरलेल्या मुलाच्या शरीराला जे होते तेच तिला होत होते, हे मावशीला सांगायला कुणी नव्हते. नामविस्तार 1994 साली झाला, आई तेव्हा दोन मुलांची आई होती. तिच्या पाटीचे काय झाले, ते कुठल्या हिशेबात लिहायचे?

म्हणून माझे मत असे की आपत्तीनंतर मुलाला सगळ्यात आधी त्याचे माणूस लागते. कपडे, खेळणी, शाळेची बॅग नंतर. आजी, काका, शेजारीण, ओळखीचा चेहरा कुठलाही चालेल. आणि भावंडांची ताटातूट करू नये, कितीही अडचण आली तरी. नातेवाइकांची ऐपत नसेल तर मूल हलवण्याऐवजी पैसा त्यांच्या घरात पोहोचवावा. त्यासाठी राज्यात सावित्रीबाईंच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये. रायगडकरांसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालय अलिबागला आहे. हेलपाटे पडतात, मला माहीत आहे. तरी अर्ज करावा.

कुणी म्हणेल, वसतिगृहाला नाव ठेवता का? नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, त्या वाटेनेच आपली पिढी शिकली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुले पुण्याला आणून शिकवली, तेही मोठे काम झाले. पण शिकायला वसतिगृहात जाणे वेगळे, आणि आई जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच अनोळखी गावी पाठवले जाणे वेगळे. मुलाला विचारले का, एवढे तरी पाहावे.

आता थोडे तब्येतीचे. छावणीत, शाळेच्या वर्गात चाळीस-पन्नास माणसे एकत्र झोपली की गोवर फार लवकर पसरतो, आणि कुपोषित मुलाला तो मारतो. म्हणून गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व ‘अ’चा डोस झालाय का, हे पहिल्या आठवड्यातच बघावे. कार्ड वाहून गेले असेल तर नर्सबाईंना सांगून पुन्हा टोचून घ्यावे, एक डोस जास्त झाल्याने काही बिघडत नाही. जुलाब सुरू झाले तर ओआरएस आणि सोबत 14 दिवस झिंकची गोळी. जुलाब थांबले म्हणून गोळी मध्येच सोडू नये. आणि मदतीच्या सामानात दूधपावडरचे डबे पाठवू नका. बाळाला अंगावर पाजणारी आई भेदरली तर दूध कमी आल्यासारखे वाटते, पण बाळ पाजत राहिले की येते. घाण पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली यांनी बाळे दगावतात. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलींसाठी पॅड, आतले कपडे आणि संडासापाशी दिवा, हे तीन न विसरता पाठवा. अंधारात एकटीने जावे लागते तिथेच काही जण टपून बसलेले असतात.

मनाचे दुखणे उशिरा दिसते. मूल गप्प होते, आईचा पदर सोडत नाही, पाऊस वाजला की दचकते, मातीचा ढीग करून त्यात बाहुली पुरते आणि पुन्हा काढते. तो खेळ थांबवू नका, ते त्याचे बोलणे आहे. “काय झालं ते सांग ना” असे पाहुण्यांसमोर वदवून घेऊ नका. टीव्हीवरची तीच दृश्ये त्याच्यासमोर लावू नका. जेवणाची, झोपण्याची, शाळेची वेळ ठरलेली ठेवा. महिनाभराने झोप-जेवण ताळ्यावर आले नाही तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा 14416 या टेलि-मानसच्या नंबरावर बोला, मराठीत बोलतात. आणि रडणाऱ्या अनाथ मुलाचा फोटो ग्रुपवर पुढे ढकलू नका. अशा मुलाचा चेहरा, नाव, शाळा उघड करायला कायद्याने बंदी आहे. जयभीमच्या ग्रुपवर आला म्हणून तो फोटो चांगला होत नाही.

हे सगळे दुसऱ्यांच्या मुलांचे झाले. आपल्या तळोज्यात एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचा वास रात्री खिडकीतून आत येतो तेव्हा मला आपल्या मुलांची भीती वाटते. एखाद्या रात्री पळावे लागले तर कुणाचे मूल कुणाच्या हाताला असेल? मागच्या पावसाळ्याआधी आम्ही आमच्या गल्लीची वही केली. मुलाचे नाव, जन्मतारीख, लसीच्या कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि वस्तीबाहेर राहणाऱ्या दोन माणसांचे नंबर. गावची आत्या चालेल, कळंबोलीचा मामा चालेल. लहानांच्या खिशाच्या आत नंबर लिहिलेली पट्टी शिवली. मोठ्यांकडून नंबर पाठ करून घेतला. जमायच्या जागा दोन ठरवल्या, कारण वायू पसरला तर वाऱ्याच्या आडव्या बाजूने बाहेर पडावे लागते आणि वारा कुठला असेल ते आधी सांगता येत नाही. वही विहारात असते, एक प्रत अंगणवाडीताईंकडे.

वही लिहीत होतो तेव्हा आई शेजारी बसली होती. मी वयाप्रमाणे नावे उतरवत होते, आधी सगळी लहान, मग मोठी. तिने माझ्या हातातला पेन धरला आणि म्हणाली, “असं नको. बहीण-भाऊ एकाखाली एक लिही.” मी ते पान फाडले आणि पहिल्यापासून लिहायला घेतले.