रंगाचा ताळेबंद

परवा अमेरिकेहून आलेल्या भाचीने घरातल्या मुलांसाठी गोळ्या आणल्या. निळ्या गोळ्यांच्या वेष्टनावर रंगाचे नाव वाचले आणि मी थबकलो. स्पिरुलिना! हे शेवाळ दिसायला हिरवे, पण त्याच्या पोटात फायकोसायनिन नावाचे निळे द्रव्य असते. मिठाईत तो रंग वापरायला अमेरिकेने २०१३ साली परवानगी दिली. माझ्या टेबलावर मात्र हे नाव त्याच्या कितीतरी आधी, एका कर्जाच्या फाईलवर येऊन गेले होते.

नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या गावी बँकेत शाखाधिकारी होतो. अर्जदार शेतकऱ्याचा मुलगा, विज्ञानाचा पदवीधर. शेतात टाक्या बांधायच्या, शेवाळ वाढवायचे, वाळवून भुकटी एका कंपनीला द्यायची. 'सगळा माल घेऊ' असे कंपनीचे पत्र जोडलेले. मी कर्ज मंजूर केले. दीड वर्षात कंपनीने माल घेणे बंद केले. वडिलांनी जमिनीचा तुकडा विकून कर्ज फेडले. टाक्यांत पुढे गुरांचे पाणी साठू लागले. बँकेचे पैसे बुडाले नाहीत, म्हणून मला कुणी जाब विचारला नाही. पण त्या फाईलवरची माझी सही मला अजून टोचते.

प्रकल्प अहवालात काय नव्हते, ते मला निवृत्तीनंतर वाचताना कळले. ऊन, पाणी, कर्बवायू आणि थोडे क्षार एवढ्यावर शेवाळ वाढते, म्हणून सारे फुकटात आहे असे वाटते. पण टाकीतल्या लिटरभर पाण्यात सुके शेवाळ निघते जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे एका किलोसाठी दोन हजार लिटर पाणी गाळायचे, आणि ओला गोळा नासायच्या आत वाळवायचा. नफ्यातोट्याचा निकाल बराचसा इथेच लागतो.

दुसरा खर्च राखणीचा. शेतात तण माजते, तसे टाकीत परके शेवाळ आणि त्यावर चरणारे जीव माजतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हट लगून या खाऱ्या सरोवराकाठी हा प्रश्न मिठाने सोडवला आहे. तिथे शेकडो एकरांच्या उघड्या तळ्यांत डुनालिएला सलायना नावाचे शेवाळ वाढवतात. पाणी समुद्राहून कितीतरी खारट, वर कडक ऊन, खायला तुटपुंजे. अशा हालात ते जीव वाचवण्यासाठी बीटा-कॅरोटीन साठवते. गाजराला केशरी करणारे हेच द्रव्य त्याच्या सुक्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत भरते. त्या खारात दुसरे फारसे काही जगतच नाही. लोणच्यात मीठ सढळ हाताने का घालायचे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच!

लाल अ‍ॅस्टाझँथिन देणारे हिमॅटोकॉकस मात्र गोड्या पाण्यातले, आणि गोडे पाणी सगळ्यांनाच मानवते. म्हणून इस्रायलच्या अरावा वाळवंटात केतुरा इथे ते काचेच्या बंद नळ्यांत वाढवतात. आधी खाऊपिऊ घालून वाढवायचे, मग उपाशी ठेवून उन्हात तापवायचे. तेव्हा ते लाल होते. राखण अशी महाग, त्यामुळे मालही महाग. बीटा-कॅरोटीन उत्पादकाला तर आणखी एक प्रतिस्पर्धी आहे : रासायनिक कारखान्यात बनणारे स्वस्त, कृत्रिम बीटा-कॅरोटीन.

हा झाला विकणाऱ्याचा हिशेब. घेणाऱ्याचे काय? शेवाळाला तारणारा रंग माणसालाही तारेल, अशी आशा मोठमोठ्या डॉक्टरांनाही होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष हाती आला, तो उलटाच. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली. त्या गोळ्यांतले द्रव्य कृत्रिम होते, हे खरे. पण तेवढ्यावर 'नैसर्गिक' या शब्दापुढे डोळे मिटून हात पुढे करावा, असे मला वाटत नाही. आपल्या घरात शेवग्याचा पाला आहे, लाल भोपळा आहे, गाजर आहे. हे द्रव्य स्निग्धात विरघळते, म्हणून त्यांना चमचाभर तेलाची फोडणी द्यावी, की झाले.

मुलांच्या गोळीत खनिज तेलापासून केलेल्या रंगाऐवजी शेवाळाचा रंग आला, तर मी तो आनंदाने जमेच्या बाजूला लिहीन. औषध म्हणून त्याचे जे दावे होतात, ते मात्र अजून येणे बाकी. वसूल झाल्याशिवाय ते जमेला धरता येत नाहीत.

आणि ती फाईल आज पुन्हा समोर आली तर? मुलाच्या उत्साहाला मी नाही म्हणणार नाही. फक्त सही करण्याआधी दोन प्रश्न विचारीन. पावसाळ्यात हे वाळवणार कशावर? आणि पत्र देणाऱ्या कंपनीने माल नाकारला, तर जमीन कुणाची जाईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते. मी तो विचारला नव्हता, एवढेच.