आधी सी की आधी पायथॉन?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग सीमधून शिकवावे की पायथॉनमधून, यावर प्राध्यापकांत दोन तट आहेत. सीबीएसईने अकरावी-बारावीला सी प्लस प्लस सोडून पायथॉन आणली, तरी वाद मिटलेला नाही. दोन्ही बाजूंना मुलांची खरी काळजी आहे, म्हणून दोन्ही नीट ऐकायला हव्यात.

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी यंत्राच्या अगदी जवळ राहते. व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावा लागतो, मागून घेतलेली मेमरी आपणच परत करावी लागते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ वाचून आपल्याकडचे कितीतरी प्रोग्रॅमर तयार झाले. शिवाय सर्रास वापरली जाणारी पायथॉन मुळात सीमध्येच लिहिलेली आहे.

मात्र नवख्याला सी फार लवकर अडवते. ‘स्कॅनएफ’मध्ये व्हेरिएबलआधीचे ‘अँड’चे चिन्ह राहिले की प्रोग्रॅम कोसळतो, आणि ते चिन्ह कशासाठी हे कळायला पॉइंटर यावे लागतात. ते शिकवायला अजून दोन महिने असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासमोर ‘एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड’ असा एरर येतो, तेव्हा इंग्रजी कळूनही अर्थ लागत नाही.

पायथॉनमध्ये हे अडथळे कमी आहेत. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी ते नेदरलँड्समध्ये एबीसी या शिकवण्यासाठीच आखलेल्या भाषेवर काम करत होते, आणि तो संस्कार पायथॉनमध्ये दिसतो. पहिल्याच तासाला मुलाच्या हातून काहीतरी चालणारे घडते.

फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम घ्या. सीच्या ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये १२ चे फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० असे बरोबर येते. १३ चे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे, पण पडद्यावर बहुधा १,९३,२०,५३,५०४ उमटते, तेही कसलीही सूचना न देता. टर्बो सीच्या १६ बिटांत तर ८ लाच उणे २५,२१६ यायचे. पायथॉन मात्र प्रत्येक वेळी खरे उत्तर देते. सीचे समर्थक म्हणतात, हे चुकलेले उत्तर पाहिल्यावरच यंत्रातल्या संख्येला मर्यादित जागा असते हे मुलाला उमगते. हे खरे आहे. तथापि ज्याला अजून स्वतःच्या लूपचीच खात्री नाही, तो दोष बरोबर असलेल्या लूपमध्ये शोधत बसतो. धडा मोलाचाच आहे, फक्त तो पहिल्या महिन्यात पचत नाही.

दुसरीकडे, पायथॉन जे झाकते ते कायमचे झाकलेले राहत नाही. एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली आणि दुसरीत घटक वाढवला की पहिलीही वाढलेली दिसते. दोन्ही नावे मेमरीतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतात, हे ज्याने पॉइंटर पाहिलेच नाहीत त्याला समजावणे कठीण जाते. म्हणून पायथॉनवरच थांबणारा अभ्यासक्रम आम्हाला अपुरा वाटतो.

आमचा कल पायथॉन आधी, सी लगेच नंतर, असा आहे. पहिल्या सत्रात लूप, अट आणि फंक्शन यांवर हात बसू द्यावा. दुसऱ्या सत्रात तेच फॅक्टोरियल सीमध्ये लिहायला लावावे. तेव्हा चुकीचे उत्तर पाहून मुलगी स्वतःच्या लूपवर शंका घेणार नाही, कारण तो चालतो हे तिने आधी पाहिलेले असेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना मायक्रोकंट्रोलर लवकर हाताळायचा असतो. त्यांच्यासाठी सी आधी ठेवणे आम्हाला रास्त वाटते.

या क्रमाला किंमत आहे. दोन भाषांचे व्याकरण शिकवण्यात तास जातात, आणि कागदावर प्रोग्रॅम लिहून घेणारी परीक्षा तशीच राहिली तर मुले दोन्ही भाषा पाठ करतील. तास काढण्यासाठी पहिल्या वर्षातून फाइल हाताळणीसारखे घटक पुढे ढकलावे लागतील. आमच्या मते ते ढकलावेत, आणि परीक्षा संगणकासमोर बसवून घ्यावी.