बीज आणि आकृती

वैज्ञानिक शक्यता हेच विज्ञानकथेचे समर्थन, असे समीक्षा मानू लागली की विज्ञान आणि कथा या दोहोंवर अन्याय होतो. जीवबीज परग्रहावरून आले असावे ही कल्पना निराधार नाही. क्रिक व ऑर्गेल यांनी १९७३ मध्ये हेतुपुरस्सर पेरणीची शक्यता मांडली. जपानच्या 'तान्पोपो' प्रयोगात (निष्कर्ष २०२०) अंतराळ स्थानकाबाहेर ठेवलेल्या डायनोकॉकस जिवाणूंच्या पुंजक्यांत, बाहेरच्या मृत पेशींच्या आडोशाने, आतल्या पेशी तीन वर्षे तगल्या. पण एवढ्याने रिडली स्कॉट यांच्या 'प्रोमिथिअस' (२०१२) या चित्रपटाचे समर्थन कसे होते? प्रयोग जिवाणूच्या तगण्याविषयी बोलतो, चित्रपट मानवाच्या आकृतीविषयी. पेरणाऱ्याची जनुके माणसाच्या जनुकांशी जुळतात, असे त्याचे गृहीतक आहे. मग चिंपांझीशी माणसाचे जनुकीय साम्य कशामुळे? उत्परिवर्तन, निसर्गनिवड, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लघुग्रहाघातासारखे अपघात यांना येथे स्थानच उरत नाही. उरतो तो निर्मात्याचा संकल्प. म्हणजे सृष्टिकर्त्याची जुनीच पुराणकथा, प्रयोगशाळेच्या वेषात. पुराणकथा रचण्याचा अधिकार कलावंताला आहेच. तिला विज्ञानाचे प्रमाणपत्र बहाल करण्याचा अधिकार मात्र समीक्षकाला नाही.